उमेद का ओसरते? : तणावाची संप्रेरके आणि मेंदूतील डोपामाइन

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात मनोविकार विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात एखाद्या वैद्यकीय विषयावर सर्वांना समजेल अशा भाषेत बोलावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने आमच्या विभागास केली, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. विषय निवडताना आम्ही नातेवाइकांच्या एका नेहमीच्या तक्रारीचा आधार घेतला. शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते, जखम भरत आलेली असते, तपासण्यांचे निकालही समाधानकारक असतात. तरीही रुग्ण अंथरुण सोडत नाही. व्यायामास नकार देतो, गोळ्या घ्यायच्या राहून जातात, नातवंडे भेटीस आली तरी चेहरा खुलत नाही. घरची माणसे आधी काळजी करतात, मग कंटाळतात आणि अखेर म्हणतात, “यांनी मनच सोडले. यांना बरेच व्हायचे नाही.”

हा निष्कर्ष बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. उमेद ही केवळ स्वभावाची किंवा संस्कारांची बाब नाही. तिला मेंदूत एक शारीरिक अधिष्ठान आहे, आणि दीर्घकाळ चाललेला तणाव त्या अधिष्ठानालाच धक्का पोहोचवतो. हे कसे घडते, आणि ते जाणून आपण काय करू शकतो, एवढेच आज मांडावयाचे आहे.

तणावाची संप्रेरके

‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजवण्याचे श्रेय हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाकडे जाते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करीत असताना १९३६ साली त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशी कारणे निरनिराळी असली तरी उंदरांच्या शरीरात होणारे काही बदल सारखेच असतात, आणि अधिवृक्क ग्रंथी वाढणे हा त्यांतील एक ठळक बदल होय, असे त्यांनी दाखवले.

या अधिवृक्क ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. संकटाची चाहूल लागताच काही सेकंदांत त्यांतून अॅड्रिनॅलिन स्रवते. छाती धडधडते, तळहात घामेजतात. दुसरी साखळी याहून संथ आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ‘सीआरएच’ हे संप्रेरक सोडतो. त्याच्या आज्ञेने पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी, ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात सोडते. ते अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले की तेथून कॉर्टिसॉल स्रवते. तणावाचा प्रसंग सुरू झाल्यापासून साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत त्याची रक्तातील पातळी कळसास पोहोचते.

कॉर्टिसॉल हा आपला शत्रू नव्हे. पहाटे त्याची पातळी वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास ती सर्वांत कमी असते. ते रक्तातील साखर टिकवते व दाह आवरते. ते अजिबात तयार होईनासे झाले तर माणूस जगू शकत नाही. संकट टळले की मेंदूच या साखळीला थांबण्याचा इशारा देतो. अडचण येते ती संकट टळतच नाही तेव्हा. कर्जाचा हप्ता, अनिश्चित निदान, लांबलेले आजारपण, घरातील कलह ही अशी संकटे आहेत की ज्यांच्यापुढे पळताही येत नाही आणि लढताही येत नाही.

या संप्रेरकांचे काम मानेखालच्या शरीरापुरते असावे, असा समज फार काळ होता. १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्इवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवून दिले की, हे संप्रेरक मेंदूत शिरते आणि स्मृती व भावना यांच्याशी निगडित भागांतील पेशी ते धरून ठेवतात. अॅड्रिनॅलिनचा परिणाम लवकर ओसरतो. कॉर्टिसॉल मात्र पेशीच्या आत जाऊन कोणती जनुके वाचली जावीत यातच फेरफार करते. म्हणून त्याचा प्रभाव सावकाश उमटतो आणि दीर्घकाळ टिकतो.

डोपामाइनची ओळख

डोपामाइनच्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावर होणारा उपयोग अभ्यासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी प्राण्यांना रेसर्पिन टोचले, तेव्हा ते निपचित पडून राहिले. मग त्यांना ‘एल-डोपा’ दिले, आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामाइन बनते. डोपामाइन हे मेंदूतील स्वतंत्र निरोप्या रसायन आहे, हे या संशोधनातून पुढे आले. १९६० साली व्हिएन्ना येथील ओलेह होर्निकिविच यांनी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांच्या मेंदूत हेच रसायन कमी पडलेले असते असे दाखवले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाने गौरवण्यात आले.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी मध्यमेंदूतील डोपामाइन बनवणाऱ्या पेशी जेमतेम ४ ते ६ लाख. परंतु त्यांचे तंतू दूरवर पसरलेले असतात. काही हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात जातात, काही कपाळामागील विचार व निर्णयाच्या भागात, तर काही न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या लहानशा केंद्रात. त्याला आपण सोयीसाठी ‘ओढीचे केंद्र’ म्हणू.

‘आनंदाचे रसायन’ असे डोपामाइनचे वर्णन वृत्तपत्रांतून नेहमी येते. ते पुरेसे बरोबर नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी उंदरांमधील डोपामाइन जवळजवळ संपूर्ण नष्ट केले, तरीही जिभेवर साखरपाणी ठेवताच त्या उंदरांच्या तोंडावर गोडाची पसंती उमटत होती. मात्र ते स्वतःहून अन्नाकडे जात नसत. गोडी शाबूत होती, पण ओढ उरली नव्हती. म्हणजे डोपामाइन प्रामुख्याने ओढीचे, उठून प्रयत्न करावा असे वाटण्याचे रसायन आहे.

आपल्या भाषेने हा भेद केव्हाच ओळखला आहे. ‘आवडत नाही’ आणि ‘मन लागत नाही’ यांत आपण फरक करतो. घास भरवला तर रुग्ण चवीने खातो, पण पानावर येऊन बसत नाही. अशा वेळी त्याची आवड गेलेली नसून ओढ ओसरलेली असते.

आधी भरती, मग ओहोटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तणावाची संप्रेरके या डोपामाइनचे काय करतात? याचे उत्तर दोन टप्प्यांचे आहे, आणि दोन्ही टप्पे परस्परविरुद्ध आहेत.

पहिला टप्पा अल्पकाळच्या तणावाचा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या शेपटीला थांबून-थांबून सौम्य विजेचे झटके दिले असता मेंदूच्या कपाळाकडील भागात डोपामाइन ९५ टक्क्यांनी, तर ओढीच्या केंद्रात ३९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. माणसांतही याचा पडताळा आला आहे. २००४ साली मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात येन्स प्रूसनर व सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना तणावाखाली अंकगणित सोडवावयास लावून त्याच वेळी पेट स्कॅन केले. ज्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल अधिक वाढले, त्यांच्या मेंदूच्या त्या भागात डोपामाइनही अधिक स्रवल्याचे दिसले. बालपणी आईची माया कमी लाभली असे सांगणाऱ्यांमध्ये हा प्रतिसाद विशेष ठळक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा अपघाताच्या प्रसंगी माणूस एरवी न झेपणारे काम करून जातो, त्यामागे हीच भरती असते.

दुसरा टप्पा ओहोटीचा. १९८७ साली लंडनमध्ये पॉल विल्नर यांनी उंदरांना मोठा धक्का न देता कित्येक आठवडे लहानसहान, अवचित त्रास दिले: कधी पिंजरा तिरका केला, कधी अंथरलेला भुसा ओला केला, कधी रात्रभर दिवा जळत ठेवला. दोन आठवडे लोटल्यावर त्या उंदरांची साखरपाण्याची पसंती घटू लागली, आणि त्रास थांबवल्यानंतरही दोन आठवड्यांहून अधिक काळ ती पूर्ववत झाली नाही. नैराश्यावरील औषध सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही. २ ते ४ आठवड्यांनी मात्र पसंती परतली. हे आकडे नातेवाइकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. माणसांतही ही औषधे गुण दाखवण्यास काही आठवडे घेतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती बंद करू नयेत.

भरतीची ओहोटी कशी होते, याचा उलगडा गेल्या काही वर्षांत होऊ लागला आहे. २०१२ साली अमेरिकेतील सिअॅटल येथील संशोधकांनी दाखवले की, हायपोथॅलॅमसचे जे सीआरएच वर सांगितले, तेच ओढीच्या केंद्रात डोपामाइन वाढवते आणि निरोगी उंदराला नव्या गोष्टीकडे खेचते. परंतु तीव्र तणावातून गेलेल्या उंदरांत ही वाढ पूर्णपणे थांबली, आणि पुढे किमान ९० दिवस ती परतली नाही. जे रसायन पूर्वी पुढे ढकलत होते, तेच आता मागे खेचू लागले. पुढल्याच वर्षी, २०१३ साली, पॅरिसच्या फ्रान्स्वा ट्रॉन्श यांच्या गटाने आणखी एक दुवा जोडला. बलवान उंदराकडून वारंवार पराभूत झालेला उंदीर इतरांपासून तोंड लपवू लागतो. मात्र डोपामाइनचा निरोप घेणाऱ्या पेशींतून कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाचा ग्राहक काढून टाकला, तर तो असा एकलकोंडा होत नाही. माणसांबाबत, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील पेट स्कॅनच्या अभ्यासात, आयुष्यात अनेक आघात सोसलेल्या व्यक्तींमध्ये डोपामाइन बनवण्याची क्षमता कमी आढळली.

प्राण्यांवरील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू होतात असे नाही, आणि प्रत्येक माणूस सारखा खचत नाही. तरीही या सर्व पुराव्यांचा रोख एकाच दिशेने आहे. थोडा वेळचा तणाव उमेद पेटवतो आणि न संपणारा तणाव ती विझवतो.

आवर हातात असणे

या विषयातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग रोमचा आहे. १९९४ साली सिमोना काबिब आणि स्तेफानो पुल्यीसी-आलेग्रा यांनी उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांनाही विजेचे झटके अगदी सारखे आणि सारख्याच वेळी मिळत. परंतु ते थांबवण्याचा उपाय एकाच्याच आवाक्यात होता. वेदना समान होती, तरी काही वेळाने ज्याच्या हाती उपाय होता त्याच्या ओढीच्या केंद्रात डोपामाइनचे कार्य वाढलेले आढळले, आणि जो निरुपाय होता त्याच्या मेंदूत ते घटलेले आढळले.

यातून आम्ही असे समजतो की, दुःख किती मोठे आहे यापेक्षा त्यावर आपला काही उपाय चालतो की नाही, ही गोष्ट मेंदूच्या दृष्टीने कमी महत्त्वाची नाही. आता आपल्या रुग्णाचा विचार करा. इंजेक्शन कधी मिळणार, तपासणीचा निकाल केव्हा येणार, डॉक्टर कधी येऊन जातील, बिल किती होईल, यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते. रात्री दिव्यांमुळे व आवाजामुळे झोप लागत नाही. विल्नर यांच्या उंदरांना दिलेल्या लहानसहान त्रासांची ही यादी आठवण करून देते.

व्यसनाबाबतही हाच न्याय लागू पडतो. १९९५ साली मॉन्ट्रियलमधील प्रयोगात, हेरॉइन सुटून बराच काळ लोटलेले उंदीर केवळ झटक्यांच्या तणावाने पुन्हा त्याच्या शोधास लागले. तंबाखूतील निकोटीन आणि दारू ही दोन्ही द्रव्ये डोपामाइन तात्पुरते वाढवतात. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, की सुटलेली तंबाखू पुन्हा तळहातावर येते ती यामुळे. अशा माणसाला शरम घातल्याने तणाव वाढतो आणि व्यसन अधिकच घट्ट होते.

नातेवाइकांना विनंती

रुग्णाची उमेद ओसरलेली दिसली तर प्रथम डॉक्टरांना सांगावे. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, जंतुसंसर्ग, काही औषधे यांमुळेही असेच होऊ शकते. ती कारणे आधी तपासावी लागतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन कशातच लागत नसेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा झाल्याचे बोलणे रुग्णाने काढले, तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नये. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे.

स्टिरॉइडच्या गोळ्या या कॉर्टिसॉलच्याच जातीच्या असतात. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही विकार यांत त्या जीवनदायी ठरतात, पण मनावरही परिणाम करू शकतात. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन येथील पाहणीत, दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के, तर ८० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्के रुग्णांत मानसिक लक्षणे दिसली. झोप उडणे, अकारण उत्साह, रडू येणे असे काही जाणवले तर त्वरित कळवावे. परंतु या गोळ्या आपल्या मनाने एकाएकी कदापि बंद करू नयेत. त्याने जिवास धोका होऊ शकतो.

अतिदक्षता विभागात काही वेळा रक्तदाब सावरण्यासाठी डोपामाइन शिरेतून दिले जाते. ते पाहून काही नातेवाईक विचारतात की, मग मनासाठीही तेच का देत नाही? रक्तातील डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून त्याचा मनास उपयोग नाही. याच कारणाने रक्तातील डोपामाइन मोजून मनाचे निदानही होत नाही. अशा तपासणीवर पैसे खर्चू नयेत.

घरी करण्याजोगा उपाय साधा आहे. रुग्णाच्या हाती लहान-लहान निर्णय द्यावेत. आंघोळ आधी की चहा, खिडकी उघडी की बंद, आज दहा पावले की वीस, हे त्याने ठरवावे. जमेल एवढेच काम द्यावे, आणि ते झाले की त्याची दखल घ्यावी. “धीर धरा” या उपदेशापेक्षा “उद्या सकाळी काय होणार आहे” ही माहिती अधिक धीर देते.

आणि शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःकडेही पाहावे. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांची छोटीशी जखम भरण्यास सरासरी ४८.७ दिवस लागले. तशाच वयाच्या इतर स्त्रियांना ३९.३ दिवस पुरले. सेवेचा भार वाटून घेणे हा स्वार्थ नव्हे.

विश्वस्त व देणगीदार यांच्यापुढे मागणे

आपल्या औदार्यातून यंत्रसामग्री उभी राहते आणि तिचा लाभ आम्ही रोज अनुभवतो. आज आम्ही जे मागतो त्यावर नावाची पाटी लावता येणार नाही. प्रत्येक मजल्यावर एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. नातेवाइकांना दररोज ठरलेल्या वेळी रुग्णाची माहिती मिळावी. खर्चाचा अंदाज आधी लेखी द्यावा. रात्री दिवे मंद करावेत आणि तातडीची नसलेली तपासणी सकाळपर्यंत थांबावी. रात्र काढणाऱ्या आप्तांसाठी पाठ टेकण्यापुरती जागा असावी.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव आहेत. ही माहिती दाखल होतानाच, मराठीत, तोंडी सांगितली गेली पाहिजे. ज्याला आपला हक्क पहिल्या दिवशीच ठाऊक होतो, तो बिलाच्या चिंतेत रात्री जागून काढत नाही. या गोष्टींना खर्च आहे, पण तो एखाद्या यंत्रापुढे अल्प आहे, आणि त्याचा परिणाम रुग्णाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो, हे आजच्या विवेचनातून स्पष्ट झाले असेल अशी आशा आहे.

औषध देणे आमचे कर्तव्य आहेच. परंतु रुग्णाला वेळेवर खरी माहिती देणे, त्याला शांत झोप मिळू देणे आणि थोडा तरी आवर त्याच्या हाती ठेवणे, हाही उपचारच आहे, आणि तो डॉक्टरांइतकाच परिचारिका, वॉर्डबॉय, लेखनिक आणि घरची माणसे करू शकतात. उमेद ओसरलेल्या माणसाला दोष न देता त्याच्या शेजारी बसणे, ही त्याची सुरुवात होय.